नेटवर्कवरचे शेअर युनिक्सवर माउंट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांची वाक्यं थोडी आवरली आहेत, वैताग तसाच ठेवलाय. कमांड, ऑप्शन आणि फाइलींची नावं इथे आपण बोलतो तशी देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच द्यायची. शेअर म्हणजे दुसऱ्या मशीनने नेटवर्कवरून वापरायला दिलेली डिरेक्टरी; देणारं मशीन सर्व्हर, वापरणारं क्लायंट. उदाहरणं मुख्यतः लिनक्सची. मॅकओएस किंवा सोलारिस वेगळं वागत असेल तिथे तसं लिहिलंय.

१. माउंट करणं म्हणजे नेमकं काय? फाइल मॅनेजरमध्ये शेअरवर क्लिक केलं की तो उघडतोच की!

उघडतो, पण बहुतेक वेळा फक्त तुमच्यापुरता. युनिक्समध्ये सी, डी असे ड्राइव्ह नसतात. रूटपासून फुटलेलं एकच झाड असतं आणि माउंट करणं म्हणजे त्या झाडाच्या एका डिरेक्टरीवर दुसरी फाइलसिस्टिम आणून बसवणं. हे काम कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, करतो, त्यामुळे बसवलेला शेअर सगळ्या प्रोग्रामना सारखाच दिसतो. गनोमसारख्या डेस्कटॉपवर क्लिक करून उघडलेला शेअर तुमच्या लॉगिनपुरता असतो. लॉगआउट केलं की तो जातो, आणि रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या स्क्रिप्टला तो दिसत नाही. दोन फाइली कॉपी करायच्या असतील तर क्लिक पुरे. रोजचं काम शेअरवर असेल तर नीट माउंट करा.

२. एनएफएस घेऊ की एसएमबी? आणि सीआयएफएस हे तिसरं काय प्रकरण आहे?

एनएफएस आणि एसएमबी हे नेटवर्कवरून फाइली वाटायचे दोन प्रोटोकॉल. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं, युनिक्स मशीन एकमेकांना जोडायला. एसएमबीचा जन्म आयबीएममधला, पण ते वाढलं मायक्रोसॉफ्टकडे. सीआयएफएस हे एसएमबीलाच १९९६ मध्ये दिलेलं नाव. प्रोटोकॉल पुढे बदलत गेला, पण लिनक्समधल्या माउंटच्या प्रकाराला ते नाव चिकटून राहिलं. म्हणजे कमांडमध्ये 'सीआयएफएस' लिहिलं तरी आतून बोलणं एसएमबी ३ मध्येच चाललेलं असू शकतं.

निवड कशी करायची? एनएफएसच्या साध्या प्रकारात सर्व्हर मशीनवर विश्वास ठेवतो, एसएमबीत तो माणसाला पासवर्ड विचारतो. सगळी मशीन युनिक्सची आणि तुमच्याच ताब्यातली असतील तर एनएफएस. विंडोज मध्ये येत असेल किंवा प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा असेल तर एसएमबी. सर्व्हरवर फक्त एसएसएच लॉगिन मिळालंय आणि बाकी काही बदलायची मुभा नाही, अशा वेळी एसएसएचएफएस, म्हणजे एसएसएचमधूनच केलेलं माउंट, उत्तम. त्याचा वेग बेताचा असतो, पण पोर्ट २२ सोडून काहीच लागत नाही.

३. 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असं आलं. डिस्क गेली का?

नाही. हा मेसेज वाचून लोकांनी धडधाकट डिस्का बदलल्या आहेत. नेटवर्क शेअरच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की माउंट कमांडला लागणारा मदतनीस प्रोग्राम इन्स्टॉल केलेला नाही. एनएफएससाठी डेबियन-उबुंटूवर 'एनएफएस-कॉमन' आणि फेडोरा-रेडहॅटवर 'एनएफएस-युटिल्स' हे पॅकेज लागतं. एसएमबीसाठी दोन्हीकडे 'सीआयएफएस-युटिल्स'.

४. बरं, कमांड कशी द्यायची? कोलन की दोन स्लॅश, इथेच गोंधळ होतो.

एनएफएसला सर्व्हरचं नाव, कोलन आणि सर्व्हरवरचा पूर्ण पाथ:

माउंट -टी एनएफएस भांडार:/साठा/फोटो /एमएनटी/फोटो

एसएमबीला दोन स्लॅश, सर्व्हर, आणि मग शेअरचं नाव:

माउंट -टी सीआयएफएस //भांडार/फोटो /एमएनटी/फोटो

एसएमबीत सर्व्हरवरचा पूर्ण पाथ चालत नाही; सर्व्हरच्या मालकाने शेअरला जे नाव ठेवलंय तेच द्यावं लागतं. 'एरर २' आला तर आधी हे नाव तपासा. शेवटची डिरेक्टरी आधी एमकेडीआयआरने बनवलेली असली पाहिजे. काम झालं का हे बघायला 'फाइंडमाउंट' चालवा, त्यात खरोखर लागू झालेले ऑप्शनही दिसतात. काढायच्या कमांडचं स्पेलिंग मात्र 'अनमाउंट' असं नाही, त्यात पहिला 'एन' नाही. सगळे 'यूमाउंट'च म्हणतात.

५. एसएमबीचा पासवर्ड कमांडमध्येच लिहिला तर काय बिघडलं?

शेलच्या हिस्टरीत तो राहतो. एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत, लिहिलात तर ती फाइल मशीनवरच्या कुणालाही वाचता येते. वेगळी क्रेडेन्शियल्स फाइल करा, त्यात यूजरनेम आणि पासवर्ड एकेका ओळीवर लिहा, मालक रूट (मशीनचं सर्वाधिकारी खातं) ठेवा, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या, आणि माउंटला 'क्रेडेन्शियल्स' ऑप्शनमधून तिचा पाथ सांगा. पासवर्डमध्ये स्वल्पविराम असेल तर हाच मार्ग धरा, कारण माउंटच्या लेखी स्वल्पविराम म्हणजे पुढचा ऑप्शन सुरू.

६. रीबूट केलं की शेअर गायब होतो. एफएसटॅबमध्ये लिहिलं तर मशीनच सुरू होईना!

एफएसटॅबच्या ओळीत सहा रकाने असतात: काय, कुठे, प्रकार, ऑप्शन, आणि शेवटी दोन आकडे. नेटवर्क शेअरसाठी ते दोन्ही शून्य. (सोलारिसवर फाइल व्हीएफएसटॅब आणि रकाने सात.) पाथमध्ये स्पेस असेल तर तिच्या जागी बॅकस्लॅश ०४० लिहा, नाहीतर स्पेसनंतरचा भाग पुढच्या रकान्यात जाऊन पडतो.

मशीन अडकतं त्याचं कारण असं की बूट होताना सिस्टिमडी, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, एफएसटॅबमधल्या शेअरची वाट बघत बसतं. शेअर मिळाला नाही तर बूट बराच वेळ अडकून राहतं. म्हणून ऑप्शनमध्ये दोन शब्द हवेतच: 'नेटडेव्ह', त्याच्या आधी अंडरस्कोर, म्हणजे नेटवर्क उभं राहीपर्यंत थांबतं; आणि 'नोफेल', म्हणजे शेअर नाहीच मिळाला तरी बूट पुढे जातं.

माझी स्वतःची पसंती ऑटोमाउंटला. ऑप्शनमध्ये 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' घातलं की कुणी त्या डिरेक्टरीत पाऊल टाकेपर्यंत शेअर माउंटच होत नाही. लॅपटॉपवर तर दुसरं काही वापरू नये. सिस्टिमडी नसेल तिथे जुनं ऑटोएफएस हेच काम करतं.

बदल केल्यावर थेट रीबूट करू नका. आधी 'फाइंडमाउंट' कमांड 'व्हेरिफाय' ऑप्शन लावून चालवा, मग 'माउंट -ए'.

७. बॅकअप यशस्वी झाल्याचा लॉग आहे, पण शेअरवर काहीच नाही. उलट मशीनची स्वतःची डिस्क भरली. असं कसं?

शेअर माउंट झालेला नव्हता, आणि माउंट पॉइंट ही शेवटी एक साधी डिरेक्टरी असते. तुमची स्क्रिप्ट इमानेइतबारे तिच्यातच लिहीत बसली.

हे माझ्याही हातून झालंय. रात्री नेटवर्कचा स्विच बंद पडला, मशीन रीबूट झालं, 'नोफेल'मुळे मुकाट सुरूही झालं. दोन वाजता बॅकअप घेणारं आरसिंक चालू झालं, त्याला समोर रिकामी डिरेक्टरी दिसली, म्हणून त्याने सगळा डेटा पहिल्यापासून कॉपी करायला घेतला. सकाळी रूट फाइलसिस्टिम १०० टक्के भरलेली. मी शेअर पुन्हा माउंट केला, आणि मग तर चक्रावलोच: डिस्क भरलेलीच, पण फाइलींची जागा मोजणारं डीयू म्हणतंय एवढ्या फाइली कुठेच नाहीत. त्या फाइली माउंटच्या खाली झाकल्या गेल्या होत्या. माउंट केलं की डिरेक्टरीतलं आधीचं सगळं दिसेनासं होतं. ते पुसलं जात नाही, जागा अडवून बसतं.

खाली काय आहे हे शेअर न काढताही बघता येतं. रूट डिरेक्टरी 'माउंट --बाइंड' करून दुसऱ्या एखाद्या रिकाम्या जागी बसवा. तिथे वर बसलेले माउंट येत नाहीत, खालची मूळ फाइलसिस्टिम तेवढी दिसते.

पुन्हा होऊ नये म्हणून मी दोन गोष्टी करतो. शेअर काढलेला असताना रिकाम्या माउंट पॉइंटवर 'सीएचअॅटर +आय' चालवतो. मग तिथे रूटलाही लिहिता येत नाही, पण माउंट मात्र बिनदिक्कत होतो. आणि शेअरवर एक रिकामी खुणेची फाइल ठेवतो. ती सापडली नाही तर स्क्रिप्ट एररसकट थांबते. 'माउंटपॉइंट -क्यू' ही तपासणी बरेच जण सुचवतात, पण ऑटोमाउंट असेल तर ती फसते, कारण खरा शेअर आलेला नसला तरी ऑटोमाउंट स्वतः तिथे माउंट होऊन बसलेला असतो.

८. सर्व्हर बंद झाला की डीएफ, एलएस सगळं अडकतं. कंट्रोल-सी सुद्धा चालत नाही. 'सॉफ्ट' ऑप्शन लावू का?

फक्त वाचायच्या शेअरला लावा. लिहायच्या शेअरला लावू नका.

एनएफएस मुळात 'हार्ड' असतं. उत्तर येईपर्यंत कर्नल विचारतच राहतो, दोन मिनिटं म्हणा की दोन दिवस. तोवर तो प्रोसेस पीएसच्या यादीत 'डी' अवस्थेत दिसतो. सर्व्हर परत आला की जिथे थांबलं होतं तिथून काम पुढे चालू होतं, एक बाइटही हरवत नाही. 'सॉफ्ट'मध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर प्रोग्रामला एरर मिळतो. आता सांगा, राइटचा एरर नीट तपासणारे प्रोग्राम किती असतील? न तपासणाऱ्यांकडून अर्धवट लिहिलेली फाइल तयार होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

'टायमिओ' ऑप्शनचा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. टीसीपीवर तो मुळात ६०० असतो, म्हणजे ६० सेकंद. सहा सेकंद समजून ६ लिहिणारे बरेच भेटतात.

अडकलेला प्रोसेस 'किल -९' ने मरतो. जुन्या लेखांत सापडणारा 'इंटर' ऑप्शन लिनक्स २.६.२५ पासून फक्त नावापुरता उरलाय. डीएफ अडकत असेल तर 'डीएफ -एल' द्या, ते लोकल डिस्कांपुरतंच बघतं. एसएमबीचं उलट आहे; तिथे 'सॉफ्ट' हाच मूळ स्वभाव.

९. यूमाउंट 'टार्गेट इज बिझी' म्हणतं.

कुणाची तरी फाइल उघडी आहे किंवा कुणाचं तरी शेल त्या डिरेक्टरीत उभं आहे. बहुतेक वेळा ते तुमचंच असतं. 'एफयूजर -व्हीएम' आणि माउंट पॉइंट दिलात की प्रोसेसची यादी येते. सर्व्हर कायमचा गेला असेल तर 'यूमाउंट -एल'. तो शेअर झाडावरून लगेच उतरवतो आणि उरलेलं आवरणं शेवटची फाइल बंद होईपर्यंत लांबवतो. सर्व्हर जिवंत असताना त्याची सवय लावून घेऊ नका.

१०. एनएफएसवर माझ्याच फाइलींचा मालक कुणी भलताच दिसतो. कधी 'नोबडी', कधी शेजारचा सहकारी.

साध्या एनएफएसमध्ये नावं नाही, आकडे जातात. तुमच्या मशीनवर तुम्ही १००० असाल आणि सर्व्हरवर १००० म्हणजे दुसरंच कुणी असेल, तर फाइली त्याच्या होतात. उपाय एकच: दोन्हीकडे हे आकडे, म्हणजे यूआयडी, जुळवा, हाताने किंवा एलडॅपसारख्या मध्यवर्ती यादीने.

'नोबडी' (कुणाचंच नसलेलं, बिनअधिकाराचं खातं) दिसतोय आणि एनएफएसची आवृत्ती ४ आहे, तर नावं जुळवणाऱ्या आयडीमॅपडीच्या कॉन्फिगमधलं डोमेन दोन्ही बाजूंना सारखं आहे का ते पाहा. बदलल्यावर 'एनएफएसआयडीमॅप -सी' चालवून जुनी कॅश पुसा, नाहीतर बदलाचा परिणाम दिसत नाही आणि आपण उगाच भलतीकडे शोधत बसतो. फक्त रूटच्या फाइली 'नोबडी' होत असतील तर पुढचा प्रश्न वाचा.

११. मी रूट आहे, तरी 'परमिशन डिनाइड'?

तुम्ही तुमच्या मशीनचे रूट आहात. सर्व्हरने तुम्हाला का मानावं? 'रूट स्क्वॉश' मुळातच चालू असतं आणि ते क्लायंटच्या रूटला नोबडी बनवतं, लिनक्सवर यूआयडी ६५५३४. 'नो रूट स्क्वॉश' लावून सुटका होते खरी, पण मग त्या क्लायंटवर रूट मिळवलेला कोणीही शेअरवर सेटयूआयडी (चालवणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या अधिकाराने चालणारा) प्रोग्राम ठेवू शकतो. डिस्क नसलेली मशीन नेटवर्कवरून बूट करायची असतील तर तो लागतो. एरवी मी तो लावत नाही.

१२. एक्सपोर्ट्स फाइलमध्ये एकाच मशीनला लिहायची परवानगी दिली होती. सगळ्यांनाच मिळाली!

एनएफएस सर्व्हरवर कुणाला काय द्यायचं ते ही फाइल ठरवते. तिच्यात मशीनचं नाव आणि कंस यांच्यामध्ये स्पेस पडली असणार. नावाला चिकटून '(आरडब्ल्यू)' लिहिलं तर ती परवानगी त्या मशीनची. मध्ये एक स्पेस आली की अर्थ होतो: या मशीनला नेहमीची परवानगी, म्हणजे फक्त वाचायची, आणि बाकीच्या जगाला लिहायची. दुरुस्त करून 'एक्सपोर्टएफएस -आरए' चालवा, आणि 'एक्सपोर्टएफएस -व्ही' ने खरोखर काय लागू झालंय ते डोळ्यांनी बघा.

१३. सीआयएफएस माउंटला 'होस्ट इज डाउन' येतं, पण पिंग तर लागतो.

होस्ट ठणठणीत आहे. ११२ क्रमांकाचा हा एरर बहुतेक वेळा आवृत्ती न जुळल्याचा असतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरणारा व्हायरस पसरला तो एसएमबी १ मधल्या भोकातून. त्याच वर्षी लिनक्स ४.१३ ने माउंटची मूळ आवृत्ती १ वरून पुढे नेली, आणि फक्त १ बोलणारी जुनी स्टोरेज खोकी एका रात्रीत 'डाउन' झाली. 'व्हर्स=१.०' दिलं की चालतं. पण तो शेअर बाकीच्या नेटवर्कपासून वेगळा ठेवा आणि खोकं बदलायच्या मागे लागा.

बाकीचे दोन ठरलेले पाहुणे: 'एरर १३' म्हणजे यूजरनेम, पासवर्ड किंवा डोमेन चुकलं, 'एरर ११५' म्हणजे पोर्ट ४४५ वाटेत कुठेतरी अडवलंय.

आणि माउंट झाल्यावर सीएचओन (मालक बदलणं), सीएचमॉड (परवानगी बदलणं) चालत नाहीत अशी तक्रार येतेच. विंडोजच्या शेअरवर युनिक्सचे मालक साठवले जात नाहीत. दिसतात ते माउंट करताना ठरवलेले. 'यूआयडी', 'जीआयडी', 'फाइल मोड', 'डिर मोड' हे ऑप्शन देऊन पुन्हा माउंट करा.

१४. एनएफएसला फायरवॉलमध्ये किती पोर्ट उघडू?

आवृत्ती ४ ला एकच, २०४९. आवृत्ती ३ ला त्याशिवाय १११ आणि माउंटडी, लॉकडी या मदतनीस प्रोग्रामांचे बदलते पोर्ट. आवृत्ती ४ वापरायला एवढं कारण पुरे. फक्त ४ चालवणाऱ्या सर्व्हरवर 'शोमाउंट -ई' एरर देतं, कारण ती जुन्या माउंटडीलाच विचारते. त्यावरून सर्व्हर बंद आहे असं समजू नका.

१५. इंटरनेटवरून थेट माउंट केलं तर?

साधं एनएफएस सगळं उघड्यावर पाठवतं आणि क्लायंट सांगेल तो यूआयडी मानतं. आधी व्हीपीएन घाला. नेटवर्कच्या आतही गुप्तता हवी असेल तर एनएफएसला कर्बेरॉस (ओळख पटवणारी व्यवस्था), 'सेक=केआरबी५पी', आणि एसएमबी ३ ला 'सील'. कर्बेरॉसमध्ये दोन मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन नाकारलं जातं. घड्याळं जुळवणारं एनटीपी लावून ठेवा.

१६. 'स्टेल फाइल हँडल' म्हणजे काय?

एनएफएस क्लायंट फाइलीला नावाने ओळखत नाही, सर्व्हरने दिलेल्या एका टोकनने ओळखतो. सर्व्हरवर कुणी ती डिरेक्टरी पुसून त्याच नावाने पुन्हा बनवली, किंवा बॅकअपमधून रिस्टोर केली, की नाव तेच राहतं आणि टोकन शिळं होतं. डिरेक्टरीतून बाहेर पडून पुन्हा आत जा. माउंट पॉइंटच शिळा झाला असेल तर काढून पुन्हा माउंट करा. निघत नसेल तर प्रश्न ९.

१७. 'डॉट एनएफएस' आणि पुढे लांबलचक आकडे अशा नावाच्या फाइली. पुसल्या की पुन्हा उगवतात.

उघडी असलेली फाइल पुसली तरी ती वापरणाऱ्या प्रोग्रामला शेवटपर्यंत मिळत राहते, हा युनिक्सचा जुना नियम. एनएफएसवर तो पाळण्यासाठी क्लायंट ती फाइल न पुसता तिला हे नाव देतो आणि प्रोग्रामने ती बंद केली की मगच पुसतो. एलएसओएफने तो प्रोग्राम शोधून बंद करा. कुठल्याच क्लायंटवर तो सापडला नाही तर मधेच बंद पडलेल्या मशीनची ती उष्टी आहे, खुशाल पुसा.

१८. एका मशीनवर फाइल बदलली, दुसऱ्यावर जुनीच दिसते.

क्लायंट फाइलीची माहिती ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरीची ३० ते ६० सेकंद लक्षात ठेवतो. एनएफएसची हमी एवढीच आहे: एकाने फाइल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने उघडली, तर दुसऱ्याला नवीन मजकूर मिळतो. दोघांनी एकाच वेळी उघडून ठेवली असेल तर हमी नाही. 'नोएसी' लावून कॅश बंद करता येते, पण वेग पार झोपतो. दुसऱ्या मशीनवरचे बदल फाइलींवर नजर ठेवणाऱ्या आयनोटिफायला कळत नाहीत, म्हणून शेअरवरची फाइल बदलली की आपोआप बिल्ड करणारी टूल्स गप्प बसतात. आणि एसक्यूलाइटचा डेटाबेस शेअरवर ठेवू नका. लॉकिंगवर तो जेवढा विसंबतो तेवढं नेटवर्क फाइलसिस्टिमवर विसंबू नये.

१९. ग्रुपमध्ये नाव आहे, तरी त्या ग्रुपच्या डिरेक्टरीत जाता येत नाही. इतरांना येतं.

'आयडी' कमांड देऊन ग्रुप मोजा. एनएफएसच्या साध्या ओळखपत्रात १६ च ग्रुप मावतात, सतरावा मुकाट गळतो. सर्व्हरवर माउंटडीचा 'मॅनेज-जीआयडीज' ऑप्शन चालू केला की सर्व्हर ग्रुपची यादी स्वतः शोधतो. अर्थात त्यासाठी त्याला तुमचं खातं माहीत असलं पाहिजे.

२०. शेअर दिसतो, पण आतली एक डिरेक्टरी रिकामी. सर्व्हरवर तर ती भरलेली आहे.

सर्व्हरवर त्या जागी दुसरी डिस्क माउंट केलेली असणार. एक्सपोर्ट एका फाइलसिस्टिमपुरतं असतं. 'क्रॉसमाउंट' ऑप्शन द्या किंवा ती डिस्क वेगळी एक्सपोर्ट करा. तोवर तिथे काही लिहू नका. का ते प्रश्न ७ मध्ये आहेच.

२१. मॅकवरून लिनक्सचा एनएफएस शेअर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' देतो.

लिनक्स सर्व्हरला क्लायंटचा पोर्ट १०२४ च्या आतला हवा असतो, मॅक तसा वापरत नाही. मॅकवर 'रेझव्हपोर्ट' ऑप्शन द्या.

२२. देवनागरी नावाची फाइल यादीत दिसते, पण नाव टाइप केलं की 'नो सच फाइल'.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर सोपं आहे: एसएमबीला 'आयओकॅरसेट=यूटीएफ८' द्या. नाव स्वच्छ दिसतंय आणि तरी सापडत नाही, तेव्हा खरी मजा.

'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र तीन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता आतच असलेलं ऱ हे एक अक्षर आणि हलन्त, साधा र, वेगळा नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना तिन्ही सारखे. यूटीएफ-८ मध्ये मात्र पहिला ६ बाइट, बाकीचे दोन ९. लिनक्स बाइट बघतो, त्यामुळे त्याच्या लेखी या तीन वेगळ्या फाइली. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम पहिल्याला दुसऱ्यात फोडून साठवायची. तिथून आलेली नावं अशी हुलकावणी देतात. मॅकच्या एनएफएस माउंटला 'एनएफसी' ऑप्शन आहे, आणि आधीच साठलेल्या फाइलींसाठी 'कॉन्व्हएमव्ही'. ते आधी काय बदलेल एवढंच दाखवतं. 'नोटेस्ट' दिल्याशिवाय हात लावत नाही. तिसरा प्रकार मात्र कुठल्याच नॉर्मलायझेशनमध्ये (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करण्यात) पहिल्याशी जुळत नाही. तो हातानेच सुधारावा लागतो.

२३. विंडोजच्या शेअरवरून कॉपी करताना काही मराठी फाइलींनाच 'फाइल नेम टू लाँग' येतं. इंग्रजी नावं याहून लांब आहेत!

एनटीएफएस नावात २५५ अक्षरं मोजतं, ईएक्सटी४ आणि एक्सएफएस २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे ८५ चिन्हांत मर्यादा संपली, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगवेगळी धरतात. 'स्त्री' एवढ्याशा शब्दात सहा चिन्हं, १८ बाइट. पत्राचा अख्खा विषय फाइलीच्या नावात घालायची सवय असेल तर कॉपीच्या आधी नावं छाटून घ्या, आणि एक्सटेन्शनचे बाइटही त्यातच मोजा.